मागच्या सीटवरच्या बाई

हळूकाका हे नाव त्यांना शाळेच्या पोरांनी ठेवलं. जन्मभर शाळेची बस चालवली ना! पोरं म्हणायची, काकांच्या बसपेक्षा पायी लवकर पोचतो. काका हसायचे, पण ॲक्सिलरेटरवरचा पाय काही जड व्हायचा नाही. "उशीर झाला तर मास्तर ओरडतील. ओरडून घ्या. पोचलात ना धडधाकट?" एवढंच त्यांचं उत्तर.

अशा माणसाची घरची गाडी धुराच्या तपासणीत नापास व्हावी, म्हणजे कमालच झाली. गाडी जुनी होती, पण काकांनी ती तळहाताच्या फोडासारखी जपलेली. तपासनिसाने सायलेन्सरमध्ये नळी खुपसली, यंत्राकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. "महिनाअखेरीला परत आणा. तेव्हाही असाच धूर निघाला, तर गाडी भंगारात." काकांना धास्ती पडली. ती लोखंडाच्या डब्यासाठी नव्हती हो. घरी काकू होत्या.

काकू आधी किल्ल्या विसरल्या, मग लेकीचं नाव, मग नवरा. दिवस कलायला लागला की पर्स काखेला लावून दाराशी उभ्या राहायच्या. "मला घरी जायचंय." आता घर हेच आहे, हे त्यांना कोण समजावणार? समजवायला गेलं की त्या दारावर कपाळ आपटायच्या. एकदा रक्त आलं, तेव्हा काकांनी घाबरून त्यांना गाडीत बसवलं. काकू मुकाट मागे बसल्या, परक्याच्या गाडीत बसावं तशा अंग चोरून. "ड्रायव्हर, घर आलं की सांगा हं."

"सांगतो, बाई," काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

सुरुवातीला ते खरंच एक फेरी मारून आणायचे. मग एकदा गाडी फाटकाबाहेर पडायच्या आतच काकूंचा डोळा लागला, आणि काकांना कळलं की नुसतं इंजिन घरघरलं तरी पुरतं. बंद केलं की मात्र त्या दचकून जाग्या व्हायच्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी गाडी अंगणात उभी, इंजिन चालू, पुढे काका, मागे काकू. शेजारीपाजारी म्हणायचे, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. म्हणेनात का! कपाळावरची जखम तर भरली होती.

काकांनी गाडी फिटरकडे नेली. तो लहानपणी काकांच्याच बसमधून शाळेत गेलेला. त्याने एअर फिल्टर बदलला, सेन्सर बदलला. धूर आपला तसाच. शेवटी प्लग काढले, तर काजळीने माखलेले. इंजिनातलं तेल मोजायची दांडी हुंगली, तर तेलाला पेट्रोलचा वास. मग त्याने खाली वाकून टायरवरून हात फिरवला.

"काका, टायर नव्यासारखे आणि इंजिनाची मात्र पार वाट लागलीय. खरं सांगा, गाडी उभ्याउभ्याच चालू ठेवता?"

काकांनी सगळं सांगितलं. फिटरने पुसलेलेच हात पुन्हा पुसले.

"उभी गाडी आतून हवी तेवढी तापत नाही, काका," तो म्हणाला. "पेट्रोल अर्धवट जळतं आणि काजळी साचत जाते. मी तेल आणि प्लग बदलून देतो. मग तासभर हायवेला दाबून चालवायला हवी, म्हणजे आतली काजळी जळून जाईल. मीच आणतो फिरवून."

"नको, मीच नेतो. तिलाही घेतो बरोबर," काका म्हणाले. "रोज थापा मारतोय तिला. एक दिवस तरी खरंच नेतो कुठेतरी."

किती चांगल्या मनाने म्हणाले होते!

हायवेला लागल्यावर काकांनी पाय दाबला. गाडी खोकली, मागे काळा लोट सुटला, मग हळूहळू इंजिनाचा आवाज मोकळा झाला. काकांना चक्क मजा वाटली. मग मागून आवाज आला.

"ड्रायव्हर, हळू!"

आरशात पाहिलं तर काकूंनी दोन्ही हातांनी पुढची सीट धरलेली, तोंड पांढरंफटक.

"थोडंच राहिलंय, बाई."

"उतरवा मला! आमचे हे असं नाही चालवत. आमचे हे कधीच असं चालवत नाहीत!"

आमचे हे! ते शब्द काकांनी तिच्या तोंडून कितीतरी दिवसांत ऐकले नव्हते. आता ते नुसते ड्रायव्हर कसले राहतात? "अगं, मीच आहे तो! मीच!" ते ओरडले. आरशात दोघांची नजरानजर झाली आणि काकू किंचाळल्या.

पाय काढावा, तर काजळी तशीच राहणार आणि गाडी जाणार. न काढावा, तर ही अशी. बापड्याने पाय काढला नाही. डोळे पुसत तासभर गाडी दामटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पास झाली. तपासनिसाने बॉनेटवर थाप मारली. "नवी झाली की हो!"

संध्याकाळी काकांनी इंजिन चालू केलं, मागचं दार उघडलं. काकू पर्स घेऊन बाहेर आल्या, काकांचं तोंड पाहिलं आणि उंबऱ्यावरच थबकल्या.

"ह्या ड्रायव्हरबरोबर मी नाही जाणार."

"हळू नेतो, बाई. शप्पथ."

"नको. आमच्या ह्यांना बोलवा."

काका आत गेले. शर्ट बदलला, केस विंचरले, परत आले. "आलो बघ मी." काकूंनी अंग आक्रसून घेतलं. "तुम्ही तेच." आणि दाराकडे वळून त्या कपाळ आपटू लागल्या.

काकांनी दाराच्या आणि कपाळाच्या मध्ये आपला तळहात घातला. कपाळ हातावर आदळत राहिलं. अंगणात गाडी चालू होती, धुराचं नाव नव्हतं.

"ह्यांना बोलवा ना हो," काकू रडत म्हणाल्या.

"बोलावलंय, बाई," काका म्हणाले. "निघालेत ते. गाडी हळू चालवतात ना, म्हणून वेळ लागतोय."