पाणी न मागणारी शेगडी

लातूर जिल्हा वेगळा झाला आणि माझी बदली नांदेडहून लातूरला झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची नर्स होते. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या भाड्याच्या खोल्यांत होत्या, पाट्यांचा रंग अजून ओला होता, फायली उस्मानाबादेहून यायच्या होत्या. ज्याला खुर्ची मिळाली त्याला टेबल मिळत नव्हतं. मला दोन्ही मिळालं नाही, गाडी मिळाली. फिरत्या दवाखान्याची जुनी, लांब गाडी. आत दोन बाक, औषधांचं कपाट आणि एक घडीचं टेबल.

गाडीवर आम्ही तिघं. डॉक्टर उदगीरकडचे, लिंगायत, पंचेचाळिशीचे; बोलणं मोजकं आणि खाण्यापिण्याचे नेम कडक. ड्रायव्हर माझ्यासारखेच नांदेडचे, मुसलमान, पन्नाशी ओलांडलेले. त्यांना सगळे चाचा म्हणत. सोमवारी सकाळी निघायचं, शनिवारी परत यायचं. मुक्कामाला मी गाडीतल्या बाकावर झोपायची आणि ते दोघं शाळेच्या नाहीतर देवळाच्या ओसरीवर. जेवणाची चिंता कधी नव्हती. गाडी ज्या गावात थांबेल तिथलं एखादं घर चहा आणायचं, भाकरी करायचं. तशीच रीत होती.

त्या साली पाऊस सलग दुसऱ्या वर्षी पडला नाही. विहिरींचे तळ दिसायला लागले. काही गावांत टँकर यायचा, काहींत यायचा म्हणून लोक घागरी मांडून बसायचे.

निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेजवळ एक गाव आहे. तिथल्या एका घरून दुपारी आम्हांला चहा आला. ऊन फार होतं. मी दोन कप घेतले आणि त्याच घरच्या तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले. मग बायकांची तपासणी सुरू झाली. त्यात एक आठव्या महिन्यातली बाई होती. पाय सुजलेले, रक्तदाब चढलेला. डॉक्टरांनी तिच्या कागदावर विश्रांती लिहिली. मी तिला विचारलं, दिवसभरात आडवी होतेस का थोडी? ती हसली. म्हणाली,

"आज दोन खेपा झाल्या, अक्का. एक घरची, एक तुमच्या चहाची."

विहीर कुठं आहे ते मी विचारलं. तिनं हात केला तिकडं मला नुसता माळ दिसला.

संध्याकाळी तिच्याच घरून जेवणाचं बोलावणं आलं. मी पोट बिघडल्याचं सांगून गाडीत बसून राहिले. डॉक्टर आणि चाचा जेवून आल्यावर मी डॉक्टरांना खेपांचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले की लोक देतात तो त्यांचा मान असतो, नाही म्हटलं तर दुखावतात. मी म्हटलं, आपण जिला विश्रांती लिहून देतो तिच्याच डोक्यावर घागर चढवतो. पुढच्या सोमवारपासून पाणी लातूरहून भरून नेऊ आणि सैपाक मी करीन.

"करून बघा," डॉक्टर म्हणाले. "पण दवाखान्याला धक्का लागता कामा नये."

मला तेवढं पुरेसं होतं. रविवारी मी नांदेडला आईकडं गेले आणि तिचा पितळी पंपाचा स्टोव्ह मागून आणला. आईनं वर जवसाच्या चटणीची बरणीही दिली. चाचांनी तो स्टोव्ह पाहिला आणि तोंड वाकडं केलं. त्यांचं म्हणणं, जिथं स्पिरिटच्या बाटल्या आहेत तिथं रॉकेल नको. मी तो पोत्यात गुंडाळून, दोरीनं बाकाच्या पायाला बांधला. पहिल्या दिवशी भात चांगला शिजला, मी मनातून फुगले. दुसऱ्या दिवशी औशाच्या रस्त्याला गाडी खड्ड्यात आपटली, स्टोव्ह आडवा झाला आणि रॉकेल पट्ट्यांच्या कापसात झिरपलं. दोन पेट्या कापूस वाया गेला. डॉक्टर रागावले नाहीत; त्यांनी फक्त दार उघडून धरलं आणि मी स्टोव्ह बाहेर काढून चाकाजवळ ठेवला. शनिवारपर्यंत आम्ही चुरमुरे आणि शेंगा खाल्ल्या.

पुढच्या खेपेला मी वातीचा स्टोव्ह घेतला. तो बुटका होता, आडवा पडायचा नाही, आणि निघायच्या आधी त्यातलं रॉकेल काढून डब्यात ठेवता यायचं. पण माळावरच्या वाऱ्यापुढं त्याचं काही चालेना. मी पातेल्याभोवती पदर धरला, चाचांनी पुठ्ठा धरला, तरी वात भरकन विझायची. पातेल्याचं बूड काळं झालं आणि तांदूळ तसेच टणक राहिले. डॉक्टर ते मुकाट्यानं चावत होते. त्यांच्या दातांचा आवाज मला ऐकू येत होता.

तिसऱ्यांदा बादलीची शेगडी झाली. जुन्या बादलीला आतून माती लिंपून केलेली, कोळशाची. ती वाऱ्याला दाद द्यायची नाही. भाकरी भाजली, आमटी झाली, डॉक्टरांनी दुसरी भाकरी मागून घेतली. अडचण त्यानंतर आली. पुढच्या गावाला लोक वाट बघत होते आणि निखारे धगधगत होते. पेटती शेगडी गाडीत घेता येईना. चाचांनी शेवटी पाण्याच्या डब्याचं झाकण काढलं आणि तांब्याभर पाणी निखाऱ्यांवर ओतलं. चर्र झालं, वाफ उठली, आतली माती तडकली. एक बाई रिकामी घागर कडेवर घेऊन तिथं उभी होती. तिनं नुसतं त्या वाफेकडं पाहिलं.

त्या दिवशी गाडीत बसल्यावर मला कळलं की मला काय हवंय ते मी नीट ठरवलंच नव्हतं. जे मिळालं ते उचलून आणत होते. मी केसपेपरच्या पाठीवर लिहून काढलं. धक्क्यानं उलटायला नको. वाऱ्यात विझायला नको. विझवायला पाणी नको. आणि होता होईल तो त्यावर भाजून खाता यावं, कारण भाजलेल्या वांग्याला, बटाट्याला, कांद्याला पाणी लागत नाही, भांडंही खरकटं होत नाही. म्हणजे वर जाळी हवी. चाचांनी गाडी चालवता चालवता ऐकलं आणि एवढंच म्हणाले,

"जाळी एकच ऱ्हाईल ना बेटी, तर मग तिच्यावर डॉक्टरसायबाला चालंल तेच. माझं गोश्त घरी."

डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी ऐकलं होतं.

लातूरच्या बाजारात अशी वस्तू नव्हती. दोन-तीन दुकानदारांनी मला पुन्हा पंपाचाच स्टोव्ह दाखवला. एकानं विचारलं, घरात चूल असताना बाईमाणसाला हे कशाला? मग चाचांनी मला गावाबाहेर नेलं, बार्शी रस्त्याला घिसाड्यांची पालं पडली होती तिथं. नवरा भट्टीपुढं बसून सांडशीनं लोखंड धरत होता आणि त्याची बायको उभी राहून घण मारत होती. मी माझा कागद काढून नवऱ्याला वाचून दाखवला. तो ऐकत होता, पण प्रश्न बाईच विचारत होती. तवा केवढा? गाडीत कुठं ठेवणार? एका वेळी माणसं किती? शेवटी तिनं घण खाली टेकवला.

"उचलणार कोण? तू का डायवर?"

मी म्हटलं, मीच.

तिनं एक जाडजूड पत्रा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, एका हातानं गाडीच्या उंचीएवढा वर घे. मला जमलं नाही. तिनं तो बाजूला टाकला, दुसरा, पातळ पत्रा दिला. तो जमला. "हाव, हाच," ती म्हणाली. नवरा कुरकुरला की पातळ पत्रा लवकर जळेल. ती म्हणाली, जळला तर परत यील ती, पण उचलता नाही आला तर घरीच ऱ्हाईल.

चार दिवसांनी मी गेले तेव्हा शेगडी तयार होती. हातभर लांब, वीतभर खोल लोखंडी पेटी. तीन बाजूंना वाऱ्याला आडोसा, तो आत दुमडायचा. पाय खाचेत बसवायचे आणि काढायचे. वर गजांची जाळी. आणि मी कागदावर जे लिहिलं होतं त्याचं उत्तर तिनं असं काढलं होतं: पेटीला घट्ट सरकतं झाकण. जाळी काढायची, झाकण ओढायचं. हवा बंद झाली की निखारे आपोआप विझायचे आणि उरलेला कोळसा दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटायचा. तिनं माझ्यासमोर निखारे भरून झाकण लावलं. चहा होईल एवढा वेळ आम्ही तिथंच उभ्या होतो. मग तिनं झाकण सरकवलं, आत काळे कोळसे होते.

दोन महिने ती शेगडी आम्ही अहमदपूर, चाकूर, उदगीर अशी सगळीकडं नेली. पहिल्या काही दिवसांत मी भाकऱ्या जाळल्या, हातावर दोन डाग घेतले, पण शिकले. कोळसा पांढरा पडल्याशिवाय जाळीवर काही ठेवायचं नाही. वांगं शेवटपर्यंत फिरवत राहायचं. गावकऱ्यांना मी सांगायची की सरकारी हुकूम आहे, जेवण आमचं आम्ही करायचं. हुकूम असा कुठलाच नव्हता.

निलंग्यापुढच्या त्या गावाची पाळी परत आली ती जवळजवळ तीन महिन्यांनी. तपासणी झाली. शाळेच्या भिंतीच्या आडोशाला मी शेगडी मांडली, पाण्याचा डबा शेजारी ठेवला. तेवढ्यात त्या बाईचे आजेसासरे काठी टेकत आले. हातात पाण्याचा तांब्या होता. मी हुकमाचं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले,

"आमच्या गावचं पानी चालत न्हाई का तुमाला?"

मला तोवर सुचलंच नव्हतं की पाणी नाकारण्याचा असाही अर्थ होतो. आमच्यात कोण कुठल्या जातीचं आहे हे त्या गावाला ठाऊक होतं आणि ते गावकरी कोण आहेत हे आम्हांला. मी घाईघाईनं दुष्काळाचं बोलायला लागले, टँकरचं, खेपांचं. म्हातारबाबा म्हणाले,

"दुष्काळ आमाला हाय, बाई. पावन्याला न्हाई."

मागं फिरून शेगडी आवरायची नाही हे मात्र पक्कं होतं. डॉक्टर उठले. त्यांनी बाबांच्या हातातला तांब्या घेतला, वरून एक घोट प्याले आणि तांब्या माझ्याकडं दिला. मी एक घोट घेतला, चाचांनी एक. उरलेला जवळजवळ भरलेला तांब्या मी दोन्ही हातांनी बाबांना परत दिला.

"पाणी प्यालो, बाबा," मी म्हटलं. "आता आमचं एक काम करा. आमच्याकडं चटणी नाही. घरात असेल तर द्या. आणि आमच्यासंगं बसून खा."

आईची जवसाची चटणी गाडीत होती. चाचांना माहीत होतं. ते खाली बघून कोळशाला वारा घालत राहिले.

बाबांनी वळून घराकडं हाक मारली. कारळाची चटणी आली, ती घेऊन तीच बाई आली. पायांची सूज उतरली होती, खांद्यावर फडक्यात सव्वा महिन्याची लेक होती. बाळंतपण माहेरी झालं, पण त्याआधी शेवटच्या दिवसांपर्यंत खेपा चुकल्या नव्हत्या, हे तिनं मला सांगितलं. मी तिचा रक्तदाब पुन्हा मोजला. मग भाजलेलं वांगं सोलून भाकरीवर घातलं आणि तिच्या हातात दिलं. ती आजेसासऱ्यांपुढं खायला लाजत होती. बाबांनी तिच्याकडं पाठ केली आणि चाचांशी नांदेडच्या बैलबाजाराचं बोलायला लागले, तेव्हा तिनं खाल्लं.

मी वांगी संपेपर्यंत भाजत राहिले. ती काही सगळ्यांना पुरली नाहीत. कुणाला अर्धी भाकरी मिळाली, कुणाला नुसता भाजका कांदा. निघताना बाबांनी तांब्याचा विषय काढला नाही. झाकण सरकवून विस्तव कसा विझतो ते मात्र त्यांनी मला दोनदा करून दाखवायला लावलं.

त्यानंतर मला हुकमाची थाप मारावी लागली नाही. पुढच्या गावात गाडी थांबली, तेव्हा डॉक्टर माझ्या आधी खाली उतरले. सरपंच चहाचं विचारायच्या आत ते म्हणाले की पाणी आमच्याकडं आहे, घरची चटणी असेल तर आणा आणि जेवायलाच या. इतकं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. कुठं ठेचा आला, कुठं शेंगदाण्याची चटणी, एका गावात नुसतं मीठ आलं आणि आम्ही त्याच्याशी खाल्लं.

वर्षाच्या शेवटी कचेरीतून गाडीतल्या सामानाचा तपशील मागवला गेला. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या यंत्राखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'लोखंडी शेगडी, जाळीसह, एक.' कागद शेरा मारून परत आला: शेगडी कशासाठी? त्यांनी तो मला वाचून दाखवला, खाली लिहिलं, 'गरोदर स्त्रियांच्या विश्रांतीसाठी,' आणि पाठवून दिला. पुन्हा विचारणा झाली नाही. सोमवारी आम्ही कोळशाचं पोतं भरलं आणि औराद शहाजानीच्या वाटेला लागलो.