थंब लागत नाही

सकाळी ऑफिसच्या दारातल्या हजेरीच्या यंत्रापुढे आमच्या सफाईच्या शेवंतामावशी उभ्या होत्या. त्यांनी काचेवर अंगठा टेकवला. यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, 'प्लीज ट्राय अगेन.' मावशींनी अंगठा पदराला पुसला, मग जरा तेल लागावं म्हणून केसांवरून फिरवला. पुन्हा तेच.

"फिनेलनं रेघाच गेल्यात बघा," त्या म्हणाल्या. "थंब नाही लागला की खाडा धरतात."

म्हणजे आमच्याच फरश्या पुसून हा अंगठा गुळगुळीत झाला, आणि आपण कामाला आलोय हे पटवायचंही त्याच अंगठ्यानं. ही रीत कुणी मुद्दाम घातली नसेलही. यंत्राला बिचाऱ्याला न झिजलेली बोटंच तेवढी वाचता येतात. ती बोटं कुणाची असतात, हे मला माझ्या हाताकडे पाहून कळतं.

मागे रांग वाढली, तशा मावशी बाजूला झाल्या. "तुम्ही लावा साहेब, तुम्हाला उशीर होईल."

माझा अंगठा पहिल्याच वेळी लागला. 'थँक यू,' यंत्र म्हणालं.

जरा वेळानं मी टेबलाशी आलो, तेव्हा खालची फरशी ओली होती. गैरहजर मावशी ती पुसून पुढे गेल्या होत्या.