सुनेनं बंद केलेल्या गोळ्या

९ डिसेंबर. काल अंगणात मिरच्यांचे देठ खुडत होते. सातवा महिना लागलेली सून धापा टाकत येऊन बसली. रक्त वाढलं नाही तर बाळंतपण जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"लोहाच्या गोया खास ना व?" गोळ्या खातेस ना, असं मी विचारलं.

"बंद करी दिन्यात, आत्या. परसाकडे काळं व्हस. पोटमा रगत जळी ऱ्हायनं."

"मंग माले कोन सांगी, शेजारीन?"

बोलले खरी, पण घाबरले होते. तिखटाच्या हातांनीच दवाखान्यातल्या नर्सबाईंना फोन लावला.

"गोळीनं काळं होतंच. रक्त जळत नाही. चहासोबत मात्र देऊ नका, आणि तिला तपासायला आणा."

आज सकाळी चहाऐवजी लिंबूपाण्याबरोबर गोळी दिली, ती गिळेपर्यंत समोर उभी राहिले आणि तिला तपासायला एसटीनं शहाद्याच्या दवाखान्यात नेलं.