पाहुण्याला आधी

"खाऊन दाखव," शेठ म्हणाले.

आम्ही चौघं विद्यार्थी भिंतीला पाठ लावून उभे होतो. दारात शेठ, त्यांच्या शेजारी प्रांतसाहेब, मागं काही कोटवाले. माझ्या हातात पळसाच्या पानांचा द्रोण. द्रोणात उकडलेली मोहाची फुलं. माझं त्या दिवसाचं जेवण.

"साहेब, हा भिल्ल. डोंगराकडचा. याला भाकर लागत नाही, डाळ लागत नाही. हेच खातो आणि वर्गात पहिला येतो. खा रे, साहेबांना बघू दे."

साहेब वाकून द्रोणात बघत होते.

आमच्या पाड्यात, हातात अन्न असताना माणूस दारात आला तर पहिला घास त्याचा. ओळखीचा असो, नसो. हे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. मी द्रोण साहेबांपुढं धरला. त्यात माझा काही विचार नव्हता. हात आपोआप पुढं गेला.

शेठांनी काठीनं द्रोण खालून उडवला. फुलं जमिनीवर पसरली.

"तुझ्या हातचं साहेब खातील? उचल."

उचलली.

"आता खा."

खाल्ली. फुलांना माती लागली होती. साहेब इंग्रजीत काही बोलले. कोटवाले हसले.

मी का खाल्ली, ते सांगायला हवं.

नंदुरबारात शेठांचं कापसाचं जीन होतं, सरकी काढायचा कारखाना. जिनाच्या मागं वखार, वखारीवर आमची खोली. गरीब घरच्या चार मुलांना शेठ राहायला जागा देत आणि महिन्याला खाण्यापुरते पैसे. त्याबद्दल गावात त्यांचं नाव होतं. खालून कापसाचे पुंजके उडत वर येत. पुस्तकावर बसत, कालवणात पडत.

मी पैसे खात नव्हतो. साठवत होतो. घरून वाळवलेल्या मोहाचं गाठोडं आणायचं, तेच उकडायचं. खांडबाऱ्याहून येताना आगगाडीत बसायचं नाही, रुळाच्या कडेनं चालत यायचं. पुस्तक विकत घ्यायचं नाही, दुसऱ्याचं घेऊन उतरवून काढायचं. दिवस मावळेपर्यंत उंबऱ्यात बसून वाचायचं म्हणजे घासलेट वाचतं. खोलीत उडून आलेला कापूसही मी कोपऱ्यात जमवला. आईच्या जुन्या लुगड्यात भरला, शिवला. थंडीपुरती गोधडी झाली.

खोलीत कोरीट गावचा नथ्थू होता. शेतकऱ्याचा मुलगा, तोंडानं फटकळ, मनानं वाईट नाही. माझी फुलं बघून म्हणायचा, "मन्हा आबा मोहनी दारू पेस, आनि तू मोह खास!" सगळे हसायचे. मीही हसायचो.

साठवत होतो ते माझ्या बहिणीसाठी. जातरीसाठी.

सुट्टीत घरी गेलो की चुलीपुढं राख पसरून तिला अक्षरं काढून दाखवायचो. तिला एकदा दाखवलं की पुन्हा दाखवावं लागत नसे. मला पोचवायला ती खांडबाऱ्याच्या स्टेशनापर्यंत यायची आणि तिथली पाटी मोठ्यानं वाचायची. खां-ड-बा-रा. फलाटावरचे लोक वळून बघायचे. भिल्लाची मुलगी, डोक्यावर लाकडाची मोळी, आणि वाचतेय.

"तुझ्या नंदुरबारात मुलींची शाळा आहे ना?" तिनं आमच्या बोलीत विचारलं होतं.

"आहे."

"मग मी राहू कुठं?"

हाच प्रश्न होता. आमच्या खोलीत मुलीला जागा नव्हती. गावाच्या कडेला एका म्हाताऱ्या बाईची पडवी रिकामी होती. बाई म्हणाली, "भिल्ल असो, कोनी असो, माले काय? पन भाडं आधी दे." तेवढं जमलं की जातरी शाळेत येणार होती. पत्र्याचा एक डबा भरत आला होता. म्हणून मी मातीतली फुलं खाल्ली. खोली गेली असती, पैसे गेले असते, पडवी गेली असती.

साहेब जायला निघाले तेव्हा नथ्थूला वाटलं, आपण मित्राची बाजू घ्यावी. तो पटकन म्हणाला, "शेठ, तो लई काटकसरी शे. त्यानी डबा भरी ठेयेल शे."

शेठ थांबले. "खरं?"

मी हो म्हणालो. वर्गात मास्तर काटकसरीचा धडा शिकवत. मला वाटलं, शेठ शाबासकी देतील. मी डबा काढून पुढं ठेवला.

"कशातून वाचवले?"

"तुम्ही देता त्यातून."

शेठ ओरडले नाहीत. मुलाला गणित समजावावं तसे बोलले. "मी खायला दिले. तू खाल्ले नाहीस. म्हणजे ते तुझे नाहीत. आणि तुला काही लागत नाही, हे आपण सगळ्यांनी आत्ताच पाहिलं. पुढच्या महिन्यापासून तुझे पैसे दुसऱ्या मुलाला देऊ. खोलीत राहा."

मी म्हणालो, "बहिणीला शिकवायचंय."

"बहिणीला?" ते कोटवाल्यांकडं बघून हसले. मग कोपऱ्यातल्या गोधडीला त्यांनी काठी टोचली. कुठूनतरी कापूस बाहेर आला. "हाही माझाच की. राहू दे, राहू दे. थंडी आहे."

डबा शेठांबरोबर आलेल्या मुनिमाच्या काखेत गेला. गोधडी मला राहिली. दान म्हणून.

जातरी पडवीत आली नाही. त्या हिवाळ्यात ती बापाबरोबर जंगलात कोळशाच्या भट्ट्यांवर गेली. जी मुलगी शाळेत जात नाही ती भट्टीवर जाते, तिसरी वाट आमच्यात नव्हती. होळीच्या आधी बाप नंदुरबारला आला. पहारेकऱ्यानं त्याला जिना चढू दिला नाही. मी खाली गेलो. त्याच्या खांद्यावर मोहाचं गाठोडं होतं, नेहमीसारखं.

"जातरी नाही," तो म्हणाला.

"कुठं?"

"भट्टीवरच. हिवताप आला. तिथंच पुरली."

गाठोडं त्यानं माझ्या हातात दिलं आणि पाण्याचा घोटही न घेता परत निघाला. मी त्याला खाण्याचं विचारायला विसरलो. आजही ते आठवतं.

मी शिकत राहिलो. कसा, ते सांगण्यासारखं नाही. फायनलची परीक्षा पास झालो. निकालानंतर शेठ पुन्हा वर आले. या वेळी बरोबर सुरतेकडचे व्यापारी होते.

"हाच तो. झाडाची फुलं खाऊन फायनल झाला. दाखव रे."

मी द्रोण घेतला, फुलं काढली, आणि द्रोण शेठांच्या पुढं धरला.

"पाहुण्याला आधी," मी म्हणालो.

"खा म्हटलं ना?"

"तुम्ही खा. मग मी."

खाली जिनाचं इंजिन चालू होतं. काठी थोडी वर उचलली गेली. मी हात मागं घेतला नाही. व्यापारी बघत होते, म्हणून असेल, काठी न मारताच खाली आली.

"आजच्या आज खोली मोकळी कर."

"करतो."

मी त्यांच्यासमोरच गोधडी उसवली. कापूस काढून जमिनीवर ठेवला. "हा तुमचा," म्हणालो. लुगडं आईचं होतं. ते घडी करून घेतलं आणि जिना उतरलो.

आज मी आमच्याच भागात मास्तर आहे. त्यामुळं काही पालटलेलं नाही. माझ्या शाळेत एकही मुलगी नाही. हिवाळा आला की मुलं बापाबरोबर भट्टीवर जातात, मी हजेरीच्या वेळी त्यांची नावं वाचतो आणि कोणी 'ओ' देत नाही. खांडबाऱ्याच्या स्टेशनावर उतरलो की मी पाटीकडं बघत नाही.

गेल्या आठवड्यात नथ्थू आला. आता तो पोक्त माणूस, डोक्याला पागोटं. शेठ गेले, हे सांगायला आला होता.

"जिनमा शोकसभा शे, भाऊ. तू दोन शब्द बोल ना. त्यासनी तुले शिकाडं."

मी भाकर आणि भाजी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं घास घेतला, मग मी घेतला.

"येतो," मी म्हणालो. "पण उभा राहिलो की द्रोणाचं सांगेन. डब्याचं सांगेन. जातरी कुठं पुरली आहे ते सांगेन. चालेल?"

नथ्थू चावायचा थांबला. हातातला तुकडा त्यानं ताटात ठेवला.

"डबानं शेठले मीच बोलनू व्हतू," तो म्हणाला. मग म्हणाला, "नको मंग. नको येऊ."

तो गेल्यावर मी लिहायला बसलो. सभेत त्यांनी शेठांच्या तसबिरीला हार घातला असेल. घालू दे. या लिहिण्यानं जातरी परत येत नाही, हे मला ठाऊक आहे. आणखी एखादी जातरी शाळेत येईल, असंही मला वाटत नाही. पण माझं सुतक जातरीचं आहे, शेठांचं नाही, आणि शेठांसाठी शोकाचा शब्द माझ्या तोंडून कोणाला ऐकायला मिळणार नाही. शेठांसाठी आभाराचे दोन शब्द मागायला जो कोणी माझ्या दारात येईल, त्याला मी आधी जेवायला वाढीन. मग हे वाचून दाखवीन. सगळं. तो उठून गेला, तर त्याच्या पाठीमागं वाचीन.