गॅसच्या नळीचं तोंड बांधायला गेलो तेव्हा

सन दोन हजार बावीस. माझं वय एकाहत्तर. शाळा दुसरीपर्यंत, पण भगत म्हणून आजूबाजूच्या पाड्यांत माझा शब्द खाली पडत नाही. गुरं रानात सोडण्याआधी वाघाचं तोंड बांधायचं काम आमच्या घराण्याकडं. मंत्र म्हणून दोऱ्याला गाठ मारली की वाघाचा जबडा उघडत नाही. आता वाघच उरला नाही, असं काही लोक म्हणतात. तो कुणी घालवला, ते मात्र सांगत नाहीत.

त्या साली टोकावड्याच्या अलीकडं, आमच्या पाड्याला लागून, गॅस साफ करायचा कारखाना सुरू झाला. मोठी टाकी, तिच्यावर ताडाएवढी नळी. ती कधीही किंचाळायची, पण सकाळच्या धारेला हमखास. म्हशी दूध चोरायला लागल्या. पाडा माझ्याकडं आला, "नळीचं तोंड बांधा." मी हो म्हटलं. नाही म्हणायची मला सवय नाही.

सगळा पाडा घेऊन फाटकावर गेलो. साहेब तरणा, डोक्यावर पिवळी टोपी. त्यानं मला एकट्यालाच आत घेतलं. आधी काडेपेटी काढून घेतली, मग उदबत्त्या.

"आजोबा, आत गॅसचा जोर वाढला की ही नळी आपोआप उघडते, जादा गॅस सोडून देते. तोंड बांधलं तर टाकी फुटेल."

"फुटली तर कुठवर जाईल?"

त्यानं पाड्याकडं हात केला.

"पयलं घर कोणतं?"

"ते लाल कौलांचं."

ते माझं.

बांधलं तर पाडा जातो, नाही बांधलं तर नाव जातं. तेवढ्यात नळी किंचाळली. साहेबानं कान झाकले. मी हललो नाही. माझी टोपी पडली, ती तिच्या मर्जीनं.

कुंपणाबाहेरून बायको ओरडली, "वाघाचं तोंड बांधलात, नळीचं नाय बांधवत?"

मी फाटकाशी आलो. "वाघ खातो गो, म्हणून बांधायचं. ही ओकते. ओकणाऱ्याचं तोंड कोण बांधतं? पोटात राह्यलं तर मरंल, अन् आपल्याला घेऊन मरंल."

साहेब मागून म्हणाला, "अगदी बरोबर." त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"मंग म्हशींचं काय? अन् दोरा आणलाय तो?" बायकोनं विचारलं.

"दोरा लागंल. तोंड नाय बांधायचं, कान बांधायचे."

"नळीला कान हायेत?"

"म्हशीला हायेत ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोचं जुनं लुगडं फाडलं, चिंध्या घडी करून म्हशीच्या कानांवर ठेवल्या आणि मंत्र म्हणत वरून दोरा आवळला. म्हशीनं मला लाथ मारली. नळी किंचाळली. म्हैस रवंथ करत उभी राहिली, तेव्हा मी चरवी घेऊन धारेला बसलो.