दोन्ही बाजूंना सिंह

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. वार मंगळवार, सकाळची हजेरी नुकतीच आटोपलेली. ठाण्यातून निघालो तेव्हा सोबत होते : एक हवालदार, साध्या वेशातली एक महिला शिपाई आणि खबर घेऊन आलेला चारकोपचा एक रहिवासी. निवृत्तीआधीच्या वर्षातली ही घटना अजून मनातून जात नाही.

खबर एवढीच होती, की शेजारचे वयस्क काका-काकू दोन दिवस दार उघडत नाहीत. दूधवाल्याला आतूनच नको म्हणतात, आणि घरातून सारखा एका पुरुषाचा दरडावणारा आवाज येतो.

हवालदाराने बेल वाजवून "पोलीस" म्हटलं, तसा तो आवाज थांबला. मग कुणीतरी हुंदका दाबल्याचं ऐकू आलं. आतली माणसं आम्हालाच घाबरली होती. मी हवालदाराला मागे घेतलं आणि महिला शिपायाला पुढे केलं. दारावरचं आडनाव वाचून ती मालवणीत म्हणाली, "काकी, माका वायच पाणी दितास?"

त्या घरात पाण्याला नाही म्हणायची रीत नसावी. कडी निघाली.

काका इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून मोबाइलसमोर बसले होते. पडद्यावर वर्दीतला माणूस, खांद्यावर माझ्यापेक्षा एक तारा जास्त. मला बघताच त्याने फोन कापला. काका हलले नाहीत. म्हणाले, "बेड्या घरात नको. खाली जिन्यात घाला."

चौकशीत हळूहळू उलगडलं. काकांनी ऑनलाइन पाच रुपयांचं एक पितळी नाणं घेतलं होतं. दोन्ही बाजूंना सिंह, टांकसाळीतल्या चुकीमुळे दुर्मीळ, अशी जाहिरात. मग फोन आला : नाणं टांकसाळीतून चोरलेलं आहे, तुम्ही डिजिटल अटकेत आहात, कॅमेऱ्यासमोरून उठलात तर मुलालाही उचलू. संध्याकाळपर्यंत सगळ्या ठेवी 'पडताळणीसाठी' वळत्या करायच्या होत्या.

फोनवर अटक होत नसते, हे मी सांगून पाहिलं. काकांचं एकच : "पण साहेब, नाणं खरं असेल तर मी चोरच ना?"

नाणं मागितलं. काकांनी ते देव्हाऱ्यात ठेवलं होतं, पण तिथे ते नव्हतं. काकूंची नजर स्वयंपाकघराकडे गेली. महिला शिपाई त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेली. बऱ्याच वेळाने त्यांनी तांदळाच्या डब्यातून एक पुरचुंडी काढली. आत नाण्याचे दोन तुकडे. लक्ष्मीपूजनाआधी देवाची उपकरणी घासताना त्यांनी नाणंही चिंचेच्या कढत पाण्यात टाकलं, आणि ते सुटलं.

"सरकारचा नाणा मिया मोडलंय," त्या म्हणाल्या. "ह्येंच्या आधी माका न्हेवा."

हवालदाराकडे ठसे बघायचं भिंग होतं. एक नाणं वाटीसारखं कोरलेलं, दुसऱ्याचा पातळ काप त्यात चिकटवलेला, कडेला गोंदाचा थर. टांकसाळीत अशी चूक होत नाही. हे कुणीतरी बसून बनवलेलं होतं. म्हणजे चोरीही नव्हती. काकांनी तुकडे तळहातावर उलटसुलट केले. मग शिपाईबाईंसाठी आणलेला पाण्याचा तांब्या उचलून ते घटाघटा प्यायले.

त्या दिवशी मी एक गोष्ट शिकलो. भेदरलेला माणूस हातातली वस्तू तपासत नाही, हुकूम पाळतो. असं नाणं तुमच्याकडे असेल तर कडेच्या आतल्या बाजूला भिंग लावा, केसाएवढी गोल रेघ शोधा. आणि फोनवरचा वर्दीवाला काहीही म्हणो, दार उघडा.

तो माणूस सापडला नाही. विक्रेत्याचं पान त्याच दुपारी बंद झालं. त्यावरून अशी आणखी नाणी विकली गेल्याचं काकांनी पाहिलं होतं. ती घेणारी घरं शोधायचं काम मी पुढच्या अधिकाऱ्याकडे सोपवलं, ते अजून बाकी आहे. कुठल्यातरी देव्हाऱ्यात तसंच एक नाणं असेल, न घासलेलं, आणि शेजारी कुणीतरी इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइलसमोर बसलं असेल.