बाहेरच्या सदस्य

“तक्रार नाई? मंग तं नक्कीच गडबड आहे,” असं म्हणून नर्सबाई चष्मा पुसायच्या आणि आम्हा सगळ्यांकडं आळीपाळीनं पाहायच्या. चोर नेमका कोण, एवढंच जणू ठरायचं बाकी असे.

चामोर्शीजवळच्या राइस मिलमध्ये मी व्यवस्थापक आहे. कामावरच्या बायकांच्या छळाच्या तक्रारी ऐकायला कायद्यानं समिती लागते आणि तिच्यात एक सदस्य बाहेरचा लागतो. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या या नर्सबाई मालकांना गरीब स्वभावाच्या वाटल्या. मालकांचा अंदाज एवढा कधीच चुकला नव्हता.

पहिल्याच दिवशी बाईंना समितीचा फलक मालकांच्या खोलीत टांगलेला दिसला.

“इथी बायका येतेत का जी?”

“नाही,” मी म्हणालो.

“मंग हे कोनासाठी लावलं? देवासाठी?”

फलक पाण्याच्या टाकीपाशी गेला. मालकांनी मला बाजूला घेतलं. “दुसऱ्या मिलवाल्यानं तं नाई पाठवली ना हिले?” मलाही ते खरं वाटू लागलं. बाई कोणाशी बोलतात यावर मी नजर ठेवायचो. त्यांना ते कळायचं. “जवळ येऊन ऐका ना भाऊ, मान दुखन तुमची,” म्हणायच्या. अशा संशयी माणसाचा तुम्हालाही कधीतरी वैताग आला असेल. मला दर बैठकीला यायचा.

मग एका उन्हाळ्यात धान वाळवणारी एक तरुण बाई यायची बंद झाली. मुकादम बाहेरून आणलेला, हमालही त्याचेच. “मोह वेचाले गेली,” तो म्हणाला. मी मान डोलावली.

“जंगलात तेंदूपत्ता सुरू आहे,” नर्सबाई म्हणाल्या. “मोह कवाचाच सरला. हा खोटं काऊन बोलून राह्यला?”

माझ्या मोटारसायकलवर बसून त्या तिच्या गावी गेल्या. वेशीवरच मला थांबवलं. “तुमी इथीच थांबा. तुमी मालकाचे.” मला राग आला. झाडाखाली घाम पुसत बसलो. परतल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते. “तिचं घर या कामावर चालते,” एवढंच बोलल्या.

तिची तक्रार समितीसमोर आली तेव्हा सगळं कळलं. मुकादम तिला एकटीला गोदामात बोलवायचा. तिनं नकार दिला, तेव्हा त्यानं कामावरून काढायची धमकी दिली होती.

“मुकादम गेला तं हमालही जातीन,” मालक म्हणाले. “तिले समजवा थोडं.”

“तिले काऊन समजवू? समजाची गरज तुमाले आहे.”

चौकशीत बाकीच्या बायकाही बोलल्या. मुकादम गेला, ती परत आली. त्या दिवशी नर्सबाई अंगणात तिच्या शेजारी बसून तिच्या केसांतला भुसा काढत होत्या. मला फार बरं वाटलं.

त्यांची मुदत संपली, तेव्हा मालकांनी ती वाढवली नाही. आता त्यांच्या जागी मालकांच्या मित्राची बायको येते. “सगळं ठीक ना?” ती हसून विचारते, बायका माना हलवतात, बैठक संपते. मला ती बैठक खोटी वाटते. नर्सबाई हव्या होत्या, हे मालकांसमोर बोलायची माझी हिंमत नाही.

गेल्या आठवड्यात जुना मुकादम आला. मालकांच्या खोलीचं दार बराच वेळ बंद होतं. सुट्टी होताना धान वाळवणारी ती तरुण बाई माझ्याकडं आली.

“भाऊ, त्या बाई कवा येतेत?”

“आता नाही येत.”

“अन् तो?”

मी हजेरीवही चाळू लागलो. ती डबा घेऊन अंगणातल्या बायकांकडं गेली.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आलं तरी ओल्या धानाचे ढीग तसेच पडून होते. एकही बाई कामावर आली नव्हती.